पीएचडीच्या शेवटच्या वर्षात शिकवण्याची फेलोशिप: घ्यावी का?

रुमालवाली

मंडळी, सल्ला हवाय. जरा लांबण लावते, कारण अर्धवट सांगितलं की प्रतिसादांत तेच प्रश्न फिरून येतात.

इतिहासात पीएचडी चालू आहे, पुण्यातच. विषय अठराव्या शतकातल्या पुण्याच्या पेठा आणि तिथली करवसुली: मोहतर्फा (कारागीर-दुकानदारांवरचा कर), जकात, कोतवाली चावडीचे हिशेब. थोडक्यात, पेशवे दफ्तरातले रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) सोडणे आणि परत बांधणे हाच गेल्या काही वर्षांचा उद्योग. जेआरएफची (नेटमधून मिळणारी सरकारी संशोधनवृत्ती) दोन आणि एसआरएफची (तिचाच पुढचा टप्पा) तीन अशी पाच वर्षं जूनमध्ये संपतात. दोन प्रकरणं बाकी आहेत. एकाचा कच्चा मसुदा आहे, दुसऱ्याच्या नुसत्या नोंदी.

आता समोर तीन वाटा आहेत.

शहराच्या टोकाला असलेल्या एका खासगी विद्यापीठाने दहा महिन्यांची फेलोशिप देऊ केली आहे, खास थीसिस संपवत आलेल्यांसाठी. पैसे साधारण एसआरएफइतकेच. पहिल्या सत्रात एका ज्येष्ठ प्राध्यापकांचा पेपर त्यांच्यासोबत शिकवायचा. दुसऱ्या सत्रात स्वतः आखलेला एक पेपर एकटीने शिकवायचा. ते ज्येष्ठ प्राध्यापक माझे मेंटॉर, म्हणजे मार्गदर्शक; ते वर्गात येऊन बसणार, नंतर चर्चा करणार. उरलेला वेळ थीसिसला, असं पत्रात लिहिलंय.

दुसरी वाट म्हणजे तालुक्याच्या गावी एका अनुदानित कॉलेजात सीएचबी, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवणं. तिथे ओळखीचे सर आहेत, "उद्यापासून ये" म्हणतात.

तिसरी म्हणजे काहीच न करता घरी बसून लिहायचं. नवरा म्हणतो सहा-आठ महिने भागेल.

गाईडचं मत तिसऱ्या वाटेला. "आधी थीसिस दे, शिकवायला अख्खा जन्म पडलाय." पण मी आजवर एमएच्या दोन-चार ट्यूटोरियलपलीकडे शिकवलेलं नाही. उद्या मुलाखतीत डेमो लेक्चर द्या म्हणाले तर काय करू? ज्यांनी अशी फेलोशिप केली असेल, किंवा जवळून पाहिली असेल, त्यांनी सांगा.

चहाबाज

घरी बसून लिहिणार म्हणालेल्या आमच्या एका मित्राने फ्लॅटला रंग दिला, बाल्कनीत शेती केली, आंबोळ्या शिकला. थीसिस सोडून सगळं झालं. आठवड्यातून दोन दिवस तरी घराबाहेर काढणारं काम हवं, एवढंच माझं मत. बाकी जाणकार सांगतील.

कोरडा_पाऊस

सीएचबीबद्दल मी बोलतो, कारण तीन कॉलेजं पाहून झालीत.

कागदावर आठवड्याला नऊ तासिका. प्रत्यक्षात हजेरी पूर्णवेळची. पैसे फक्त घेतलेल्या तासांचे. म्हणजे परीक्षेचे दिवस, दिवाळी, मे महिना यांत खात्यावर शून्य. घेतलेल्या तासांचे पैसेसुद्धा बिल वर जाऊन मंजूर होऊन येईपर्यंत सत्र संपतं. आणि नॅकचं (कॉलेजचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेच्या पाहणीचं) वर्ष असेल तर विचारू नका. एका ठिकाणी मी अख्खा ऑगस्ट मागल्या पाच वर्षांचे अहवाल स्कॅन करण्यात घालवला. नेमणुकीचं पत्र राज्यशास्त्राचं होतं.

राहता राहिला मेंटॉर. माझ्या वर्गात इतक्या काळात कोणी डोकावलं असेल तर तो शिपाई, फी भरली नाही त्यांची यादी घेऊन. चांगलं शिकवलं काय, वाईट शिकवलं काय, कोणाला पत्ता नाही. सवयीने बोलायला शिकतो माणूस. शिकवायला शिकतो का, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

तुमच्यासमोर पहिली वाट असताना दुसरीचा विचारही करू नका.

टिपणी_सादर

नियमांचं बोलू. भावनांचं इतर बोलतीलच.

१) एसआरएफ चालू असेपर्यंत दुसरीकडून पगार किंवा मानधन घेता येत नाही. सध्या दर महिना ४२,०००, तोही १ जानेवारी २०२३ पासूनचा. फेलोशिपची सुरुवात जूनमधला शेवटचा हप्ता संपल्यानंतरचीच घ्या, एक दिवसाचीही सरमिसळ नको. आपल्या संस्थेत मदतनीस म्हणून ट्यूटोरियल, पेपर तपासणं, प्रॅक्टिकल वगैरे आठवड्याला दहा तासांपर्यंत करायला यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) मुभा आहे, पण ती फेलोशिपचाच भाग म्हणून.

२) पीएचडीची नोंदणी कधीची? ७ नोव्हेंबर २०२२ च्या आधीची असेल तर २०१६ ची नियमावली लागू. म्हणजे प्रबंध देण्याआधी एक शोधनिबंध प्रसिद्ध आणि परिषदांत दोन सादरीकरणं ही अट तुम्हाला आहे. २०२२ च्या नियमावलीत शोधनिबंधाची सक्ती काढली. तीत संशोधकांना शिकवण्याचं प्रशिक्षण आणि आठवड्याला ४ ते ६ तास अध्यापन-सहाय्याचं काम देण्याची तरतूदही आली. कमाल मुदत दोन्हींत सहा वर्षं, महिलांना आणखी दोन वर्षांची सवलत.

३) आता खरा मुद्दा. २०१८ च्या यूजीसी नियमावलीत विद्यापीठातल्या सहायक प्राध्यापकपदाच्या शॉर्टलिस्टिंगचा तक्ता आहे. त्यात पीएचडीला ३० गुण. शोधनिबंधाला प्रत्येकी २, जास्तीत जास्त १०. शिकवण्याच्या अनुभवाला वर्षाला २, जास्तीत जास्त १०, आणि वर्ष पुरं नसेल तर त्या प्रमाणात कमी. कॉलेजसाठीच्या तक्त्यात पीएचडीला २५. म्हणजे दहा महिने शिकवून पदरात पावणेदोनसुद्धा पडत नाहीत, आणि थीसिस हातावेगळा झाला तर एकदम पंचवीस-तीस.

४) ते पावणेदोनही मिळतील का? पीएचडी मिळवण्यात गेलेला काळ अनुभव म्हणून धरत नाहीत. रजा न घेता शिकवण्याची नेमणूक सांभाळत पीएचडी केली असेल तरच तो काळ धरतात. तेव्हा पत्रात नुसतं "फेलो" लिहिलंय की अध्यापनाची नेमणूक म्हटलंय, ते पाहा. शिवाय अशी तात्पुरती सेवा पुढे मोजून घ्यायची तर निवड रीतसर समितीने केलेली हवी आणि एकूण वेतन नियमित सहायक प्राध्यापकापेक्षा कमी नको. नियमित पदाचं मूळ वेतनच ५७,७०० आहे. तुमची फेलोशिप तिथे पोचत नाही.

निष्कर्ष: अनुभवाच्या गुणांसाठी घेत असाल तर घेऊ नका.

रुमालवाली

@टिपणी_सादर, नोंदणी २०२१ ची. एक शोधनिबंध झालाय, एक सादरीकरण झालंय, दुसरं डिसेंबरात आहे. गुणांचा हिशेब असा मांडून कोणी दाखवला नव्हता. धन्यवाद. गाईडना दाखवला तर ते पेढे वाटतील.

@कोरडा_पाऊस, सीएचबी रद्द. सरांना फोन केला.

लॅबमधला_उंदीर

विज्ञानवाल्यांची बाजू. आमच्याकडे "शिकवण्याची फेलोशिप" असं वेगळं प्रकरण नसतं, टीएशिप (अध्यापन-सहाय्यकाचं काम) अंगावर येतेच. बीएस-एमएसच्या पोरांची प्रॅक्टिकलं. चाळीस पोरं, चाळीस ब्युरेट, त्यातल्या निम्म्यांनी फिनॉल्फ्थॅलिन गडद गुलाबी होईपर्यंत सोडत राहायचं आणि मग वहीत बरोबर आकडा लिहायचा. हे कसं होतं ते शोधण्यात माझं पहिलं सत्र गेलं.

पाषाण रोडच्या आसपास संस्थांची दाटी असली तरी प्रत्येकीची रीत निराळी. सीएसआयआरच्या (केंद्राच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेच्या) प्रयोगशाळांत अॅकसिर या तिच्याच अकादमीतर्फे पीएचडी करणाऱ्यांना गावाकडच्या प्रश्नावर सहा ते आठ आठवड्यांचा प्रकल्प करावा लागतो. शिकवणं नव्हे, पण लॅबबाहेरच्या माणसांशी बोलायची सवय लागते. पंतप्रधान रिसर्च फेलोशिपवाल्यांना (पहिली दोन वर्षं ७०,०००, तिसऱ्या वर्षी ७५,०००, पुढे ८०,०००) आयटीआय, पॉलिटेक्निक किंवा इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायला लावतात. माझी एक मैत्रीण जायची. तिचं म्हणणं, आयटीआयच्या पोरांनी "हे कशाला लागतं?" असं इतक्यांदा विचारलं की स्वतःच्या सेमिनारची सुरुवात बदलली. पण तिचा वर्ग पाहायला कोणी गेलं का? नाही. अहवाल भरला, संपलं.

मुद्दा हा की शिकवायला लावणाऱ्या योजना आहेत. शिकवताना पाहणारा माणूस कुठल्या योजनेत येतो, ते मला दिसलेलं नाही. तुमच्या पत्रात तो असेल तर दुर्मीळ गोष्ट आहे. आणि कला शाखेत तर पैसेच दुर्मीळ. आयसीएसएसआरची (सामाजिक शास्त्रांच्या संशोधन परिषदेची) डॉक्टोरल फेलोशिप महिना २०,००० ची, केंद्रीय विद्यापीठांतली नॉन-नेट (नेट-जेआरएफ नसलेल्यांसाठीची) ८,००० ची. त्यात शिकवण्याचा भाग कोण घालणार?

मिडवेस्टी_मावळा

मी अमेरिकेत इतिहासातच आहे, एका सरकारी विद्यापीठात. फर्ग्युसनहून इकडे आलो. ही जी रचना तुम्ही सांगताय ती इथूनच उचललेली दिसते, म्हणून इथे ती कशी चालते ते सांगतो. बरंवाईट दोन्ही.

इथे पहिली दोन-तीन वर्षं कोर्स आणि मग मोठ्या परीक्षा. त्या पार पडल्या की तुम्ही "एबीडी", म्हणजे प्रबंध सोडून सगळं झालेले. तोवर टीए म्हणून प्राध्यापकांच्या मोठ्या लेक्चरला जोडून वीस-पंचवीस पोरांचे चर्चेचे तास घ्यायचे आणि निबंध तपासायचे. एबीडी झाल्यावर काहींना स्वतःच्या नावावर कोर्स मिळतो. पुस्तकं कुठली, प्रश्नपत्रिका कशी, कोणाला किती गुण, सगळी जबाबदारी तुमची. मेंटॉर असलेल्या फेलोशिप या टप्प्यासाठी असतात: शिकवण्याचा बोजा एका कोर्सपुरता, बाकी वेळ प्रबंधाचा, आणि एक प्राध्यापक तुमचा अभ्यासक्रम आधी वाचणार, वर्ग पाहणार, शेवटी लेखी अभिप्राय देणार.

तो लेखी अभिप्राय इथे सोन्याच्या मोलाचा. नोकरीच्या अर्जात अध्यापनाविषयीचं निवेदन, आखलेल्या कोर्सचा नमुना आणि "मी हिचा वर्ग पाहिला आहे" असं लिहू शकणारा माणूस, तिन्ही मागतात. १९९३ मध्ये "प्रिपेरिंग फ्युचर फॅकल्टी" नावाचा उपक्रम सुरू झाला. त्यात संशोधन विद्यापीठांतल्या पीएचडीच्या विद्यार्थ्यांना आसपासच्या छोट्या, शिकवण्यावर भर असलेल्या कॉलेजांत पाठवून तिथल्या प्राध्यापकांशी जोडून द्यायचे. कारण सरळ होतं: पीएचडी होणारे बहुतेक जण पुढे अशाच कॉलेजांत लागायचे आणि तिथलं आयुष्य त्यांनी पाहिलेलं नसायचं. विज्ञानवाल्यांसाठी विस्कॉन्सिन-मॅडिसनमधून २००३ मध्ये "सर्टल" नावाचं जाळं उभं राहिलं. त्याचा गाभा हा की स्वतःच्या वर्गाकडेही प्रयोगासारखं बघा, पुरावा गोळा करा.

आता दुसरी बाजू. स्वस्तात शिक्षक मिळवण्याचाही हा रस्ता आहे. २०१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या प्रकरणात इथल्या कामगार मंडळाला निर्णय द्यावा लागला की खासगी विद्यापीठांतले असे विद्यार्थी हे कर्मचारीही आहेत, त्यांना युनियन करता येते. २०२२ च्या हिवाळ्यात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सगळ्या कॅम्पसांवर मिळून सुमारे ४८,००० जण संपावर गेले, त्यांत टीए आणि संशोधक विद्यार्थी मोठ्या संख्येने होते. तेव्हा "मेंटॉर" हा शब्द पाहून हुरळून जाऊ नका. त्या माणसाला यासाठी वेळ दिलाय का ते विचारा. म्हणजे त्यांच्या वर्कलोडमध्ये हे तास धरलेत का? नसतील तर ते भले गृहस्थ असले तरी दोनदा येतील आणि मग बैठकांत अडकतील.

मास्तर_सासवडचे

निवृत्त आहे, त्यामुळे वेळ आहे. मावळ्यांनी वर्कलोडचं विचारायला सांगितलं ते अगदी बरोबर.

मी विभागप्रमुख असताना नव्या मुलांच्या वर्गात जाऊन बसायचो. कोणी सांगितलं म्हणून नाही. मला माझ्या सरांनी तसं केलं होतं. ते शेवटच्या बाकावर बसायचे, डायरी काढायचे आणि तासभर मान वर करायचे नाहीत. मला वाटायचं, झोपले. तास संपल्यावर डायरी माझ्यासमोर धरली. त्यात मी काय चूक बोललो याचा एक शब्द नव्हता. डाव्या बाजूला मी विचारलेले प्रश्न, उजव्या बाजूला प्रश्न विचारून मी किती वेळ थांबलो ते सेकंदांत. दोन, एक, तीन, एक. म्हणाले, "उत्तर तुम्हाला येतं हे मुलांना ठाऊक आहे हो. मग ते कशाला डोकं चालवतील?" बस्स. पुढच्या आठवड्यात मी मनातल्या मनात दहा मोजायला लागलो. पहिल्यांदा ती शांतता खायला उठते. मग मागच्या बाकावरून एक हात वर येतो.

असं पाहणारं कोणी मिळालं तर दहा महिने सार्थकी लागतील. पण पाहण्याचेही प्रकार असतात. काही जण वर्गात बसले की राहवत नाही, मध्येच "मी जरा भर घालतो" म्हणून उठतात. त्या दिवसापासून मुलं तुमच्याकडे नाही, त्यांच्याकडे बघून वही काढतात. पहिल्या सत्रात पेपर दोघांनी शिकवायचा आहे ना? तर आधीच ठरवून घ्या, कुठले घटक तुमचे, प्रश्नपत्रिकेत तुमचे किती प्रश्न, आणि गठ्ठा कोण तपासणार. गठ्ठा नेहमी खालच्याकडे सरकतो.

गाईडना वाईट वाटून घेऊ देऊ नका. त्यांनी थीसिस रखडलेली दहा मुलं पाहिली असतील, त्या काळजीपोटी बोलतात. त्यांना भेटायला जाताना नुसती परवानगी मागू नका. प्रकरणांचं महिनावार वेळापत्रक घेऊन जा.

टीकाकार_नंबर_दोन

सगळे एवढे प्रेमात का पडलेत कळत नाही. खासगी विद्यापीठाला फी भरणाऱ्या पोरांसमोर उभं करायला एसआरएफच्या पैशात जेआरएफधारक माणूस मिळतोय. वर त्यांच्या माहितीपत्रकात "आमच्याकडे रिसर्च फेलो आहेत" हे लिहायला मोकळे. दहा महिन्यांनी नवीन फेलो. ही पदं कायमस्वरूपी भरली तर फेलोशिपची गरजच काय?

कोरडा_पाऊस

@टीकाकार_नंबर_दोन, तुमचं म्हणणं धोरण म्हणून मान्य. पण पदं निघेपर्यंत ताईंनी काय करायचं, हा धागा त्याचा आहे. भरतीवर वेगळा धागा काढा, मीच पहिला प्रतिसाद देतो. चांगला लांबलचक.

रुमालवाली

मास्तर, डायरीची गोष्ट वाचून गंमत वाटली, कारण काल तिथे डेमो तास देऊन आले. तोही निवडीचा भाग होता. स्वारगेटहून दोन बस बदलून जावं लागतं, पण ते असो.

पदवीच्या तिसऱ्या वर्षाची पंधरा-सोळा मुलं. बहुतेकांना मोडी येत नाही, म्हणून एका जकातीच्या कागदाची झेरॉक्स आणि खाली देवनागरी लिप्यंतर असं वाटलं. काळ ठरवण्यापासून सुरुवात केली. कागदावर "सबा सबैन मया व अलफ". सात, सत्तर, शंभर, हजार, म्हणजे शुहूर सन (जुन्या मराठी कागदांतली अरबी आकड्यांची कालगणना) ११७७. एका मुलाने फोनवर शोधलं, ५९९ मिळवले आणि १७७६ म्हणून मोकळा झाला. मग त्यांना सांगितलं की हे वर्ष मृगापासून सुरू होतं, म्हणून जून ते डिसेंबर असेल तर ५९९ मिळवायचे आणि जानेवारीच्या पुढे गेलं की ६००. कागदावर महिना मुसलमानी, तो आधी लावून घ्या. तो लावता लावता पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "म्हणजे १७७७ चा उन्हाळा. सवाई माधवराव तीन वर्षांचे होते. मग हा हिशेब बघत कोण होतं?"

मला पुढचं बोलायचं सुचेना. मेंटॉर होणारे प्राध्यापक अर्थशास्त्राचे आहेत, इतिहासाचे नाहीत. त्यांनी तास संपल्यावर तोच धागा पकडला. "हा कागद लिहिणाऱ्या कारकुनाला कोणाला दाखवायचा होता? वरच्या साहेबाला, की जकात देणाऱ्या व्यापाऱ्याला? दोन्हींसाठी रकान्यांची रचना वेगळी असेल." माझ्या ज्या प्रकरणाच्या नुसत्या नोंदी आहेत असं मी वर म्हणाले होते ना, ते प्रकरण हेच. मी रकमांच्या बेरजा करत बसले होते. रात्री घरी येऊन तीन रुमालांतले फोटो परत काढून पाहिले. रकाने खरंच दोन तऱ्हेचे आहेत.

टीकाकार_नंबर_दोन

निवडीच्या दिवशी सगळेच मेंटॉर चांगले असतात. ऑक्टोबरात सांगा.

मास्तर_सासवडचे

त्या मुलीचं नाव लिहून ठेवलंत का? पुढच्या सत्रात तिला तुमच्या पेपरला बसवा.

टीकाकारांच्या बोलण्यातही तथ्य आहे हो. म्हणून जे काही ठरेल ते लेखी घ्या. तोंडी कबुली दिलेला माणूस डीन झाला की दुसरा येतो आणि त्याला काही माहीत नसतं.

मिडवेस्टी_मावळा

लेखी घेताना निदान एवढं तरी विचारा: एका सत्रात एकापेक्षा जास्त कोर्स देणार नाही, असं कुठे म्हटलंय का? मेंटॉर मध्येच रजेवर गेले तर दुसरे कोण? वर्ग पाहून लिहिलेल्या टिपणी तुमच्या हातात येणार की एचआरच्या फायलीत? हे तिसरं फार महत्त्वाचं. टिपणी मूल्यमापनासाठी वापरणार असतील तर तुम्ही वर्गात कधीच जोखीम घेणार नाही, सगळे तास गुळगुळीत होतील. आणि तुम्ही आखलेला कोर्स तुमच्यानंतर त्यांनी तसाच चालवला तर नाव कोणाचं?

कोरडा_पाऊस

आणि नॅक! "नॅक, प्रवेशप्रक्रिया, स्नेहसंमेलन, परीक्षा विभाग यांची कामं देणार नाही" हे वाक्य जसंच्या तसं.

लॅबमधला_उंदीर

थीसिस सबमिट करायच्या आधीचा महिना मोकळा मागा. शेवटच्या महिन्यात प्रिंट, प्लेजरिझम तपासणी, सह्या यांतच दिवस जातात. लेखन होत नाही, नुसतं धावणं होतं.

रुमालवाली

अपडेट. सगळ्यांचे मुद्दे एकत्र करून मेल पाठवला होता. फार कडक वाटू नये म्हणून दोनदा लिहिला.

उत्तर आलं. एका सत्रात एकच कोर्स हे पत्रात घालतात. मेंटॉरच्या वर्कलोडमध्ये आठवड्याला दोन तास धरलेत, तसं विभागाचं पत्र जोडलंय (मावळे, हे वाचून मी खुर्चीतून उठले). ते रजेवर गेले तर पर्यायी नावही दिलंय. टिपणी माझ्याकडे राहतील आणि शेवटी एक अभिप्रायपत्र मिळेल, पण सत्राअखेरीचा विद्यार्थ्यांचा फीडबॅक मात्र त्यांच्या नियमाप्रमाणे फायलीत जाणार. तो सगळ्यांचाच जातो म्हणे. नॅकबद्दल "शक्यतो देणार नाही" असं आलंय. सबमिशनआधी महिना नाही, पंधरा दिवस. कोर्सच्या नावाबद्दल काही उत्तरच नाही.

गाईडकडे प्रकरणांचं वेळापत्रक घेऊन गेले. रकान्यांचं सांगितलं. त्यांनी फोटो मागितले, चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ पाहत बसले आणि म्हणाले, "हे तुला आधी का दिसलं नाही?" मग म्हणाले, "घे. पण पहिलं प्रकरण दिवाळीच्या आत माझ्या टेबलावर." ते होकारार्थीच धरते.

तेव्हा घेतेय. अनुभवाचे पावणेदोन गुण मिळोत न मिळोत.

चहाबाज

अभिनंदन! आंबोळ्यांचा धोका टळला.

टीकाकार_नंबर_दोन

अभिनंदन. ऑक्टोबरात विचारणार आहेच.

कोरडा_पाऊस

"शक्यतो" या शब्दावर परत एक मेल टाका. मी सांगतोय.

टिपणी_सादर

अभिनंदन. राहिलेलं काम: मूळ संशोधन केंद्राचं ना हरकत प्रमाणपत्र. नोंदणी तिथली आहे, सहामाही प्रगती अहवाल तिथेच द्यावा लागेल, फेलोशिप दुसरीकडची असली तरी. अर्ज गाईडच्या शिफारशीसह, केंद्रप्रमुखांमार्फत. दोन प्रती न्या, आवक टेबलावर तारखेचा शिक्का मारून एक स्वतःकडे ठेवा. जूनअखेर तिथे गर्दी असते, मेमध्येच जा. साडेअकरानंतर, चहाच्या आधी.